मऊ चामडे आणि कडक पोलाद

वस्तऱ्याला धार लावायची ती दगडावर. पण दगडावरून काढलेला वस्तरा थेट गालाला लावत नाहीत. आधी तो चामड्याच्या पट्ट्यावर परजतात. चामडे पोलादापेक्षा कितीतरी मऊ. मग ते करते काय? आणि पट्ट्यासाठी चामडे कोणते निवडावे?

युरोपात अठराव्या शतकात या प्रश्नाला महत्त्व आले. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने इंग्लंडात शेफील्डजवळ मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार केले. अशा पोलादाचे वस्तरे मिळू लागले, तशी घरीच दाढी करणाऱ्यांची संख्या वाढली. वस्तरा त्यांच्याकडे होता. न्हाव्याचा सरावलेला हात नव्हता. पॅरिसमधील सुऱ्या-कात्र्यांचा कारागीर झां-झाक पेरे याने १७७० च्या सुमारास स्वतःची दाढी स्वतः करण्यावर पुस्तकच लिहिले. धारेचे दगड कसे ओळखावेत, पट्ट्याचे चामडे कसे तयार करावे, हेही त्यात होते. लंडनच्या जॉर्ज पॅकवुडने वेगळी वाट धरली. आपला पट्टा व त्यावर लावायचा लेप खपवण्यासाठी त्याने वृत्तपत्रांतून कविता, कोडी, संवाद अशा जाहिराती दिल्या आणि १७९६ मध्ये त्यांचेच पुस्तक काढले.

पेरेचे ऐकावे की पॅकवुडचे? त्यासाठी धारेपाशी काय घडते ते पाहू. केसाची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. चांगल्या धारेची कड एक मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, पातळ असते. घासताना व वापरताना ती किंचित वळते. पाठ पुढे आणि धार मागे ठेवून वस्तरा पट्ट्यावर ओढला की ही कड सरळ व्हायला मदत होते. नुसते चामडे पोलाद फारसे झिजवत नाही. क्रोमियम ऑक्साइडसारख्या कठीण भुकटीचा लेप लावला, तर मात्र झिजवते.

निवडीचे नियम यातूनच निघतात. चामडे दाट, सपाट आणि सर्वत्र सारख्या जाडीचे हवे. घोड्याच्या पुठ्ठ्याचे चामडे नावाजले गेले ते त्याच्या दाट तंतूंमुळे. चामडे फार मऊ असेल किंवा पट्टा सैल धरला, तर तो धारेभोवती वळतो आणि कड गोलसर होते. वस्तऱ्याचे पाते सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब असते. पट्टा तेवढा रुंद असला, तर सगळी धार एका ओढीत परजली जाते. अरुंद पट्ट्यावर हात तिरका न्यावा लागतो.

पट्ट्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केसही, विशिष्ट कोनातून भिडला तर, धारेचा बारीक टवका उडवू शकतो. असा टवका नुसत्या चामड्याने भरून निघत नाही. तेथे पुन्हा दगडच हवा.

किंग कॅम्प जिलेटला १९०४ मध्ये टाकाऊ पात्याच्या वस्तऱ्याचे पेटंट मिळाले आणि हळूहळू घरोघरचा पट्टा गेला. जाहिराती मात्र राहिल्या. वर्गात पॅकवुडची गोष्ट सांगून मुलांना एक प्रश्न विचारता येईल : त्याचा पट्टा खरोखर सरस आहे का, हे तपासायचे झाले तर कोणत्या गोष्टी सारख्या ठेवाल, आणि कोणती एकच बदलाल?