प्रोसेसरनिहाय मेमरी, कर्नलमधील

एखाद्या चलाची किंवा रचनेची प्रत्येक प्रोसेसरसाठी निराळी प्रत ठेवण्याची कर्नलची पद्धत. एकच गणक सर्व प्रोसेसर वाढवू लागले की त्याची कॅश लाइन सतत इकडून तिकडे ओढली जाते. प्रत ज्याची त्याच्याकडे असली की ही ओढाताण थांबते. बेरीज वाचतानाच करायची. वेग मिळतो, जागा जाते, आणि जागेकडे लक्ष उशिरा जाते.

जागेचा हिशोब : प्रतीचा आकार गुणिले प्रोसेसर. पुण्यातील सी-डॅकची ‘परम सिद्धी-एआय’ (२०२०) ही प्रणाली एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए१०० यंत्रांची आहे. अशा यंत्रात ६४ गाभ्यांचे दोन एएमडी प्रोसेसर असतात. गाभ्यामागे दोन धागे धरले तर कर्नलला २५६ प्रोसेसर दिसतात. तिथे ८ बाइटांचा गणक २ किलोबाइट व्यापतो, ४ किलोबाइटांची रचना १ मेगाबाइट. १ टेराबाइट मेमरीत हे किरकोळ. मात्र अशी रचना प्रत्येक कंट्रोल ग्रुपला (संसाधनांचा हिशोब एकत्र ठेवलेल्या प्रक्रियांच्या गटाला) लागत असेल आणि ग्रुप हजारभर असतील, तर १ गिगाबाइट त्यातच जातो. शिवाय लिनक्समध्ये हा गुणाकार चालू प्रोसेसरांचा नसून ‘संभाव्य’ प्रोसेसरांचा असतो. चार प्रोसेसरांच्या आभासी यंत्राने १२८ संभाव्य म्हणून कळवले, तर प्रती १२८ प्रोसेसरांच्या हिशोबाने राखल्या जातात. बूट करताना ही संख्या मर्यादित करता येते. छोट्या आभासी यंत्रांवर ते अवश्य करावे.

लिनक्समधील वाटचाल : सुमारे एक हजार प्रोसेसरांच्या यंत्रांवर कर्नलच्या ‘स्लॅब’ या मेमरी वाटपकाच्या नुसत्या प्रोसेसरनिहाय रांगांत कित्येक गिगाबाइट अडकतात, हे ख्रिस्तोफ लामेटर यांनी २००७ मध्ये दाखवले आणि ‘स्लब’ हा पर्याय दिला. जुना स्लॅब २०२४ मध्ये ६.८ आवृत्तीतून काढला गेला. तेजुन हिओ यांच्या प्रोसेसरनिहाय मेमरीच्या वाटपकाने (२.६.३०, २००९) कायमच्या आणि मागणीनुसार दिलेल्या प्रती एकाच पद्धतीने हाताळल्या, या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा बदल हाच. डेनिस झोऊ यांनी ४.१४ मध्ये (२०१७) त्यात बिटमॅपवर आधारित नोंद आणली. ही मेमरी कंट्रोल ग्रुपच्या खात्यावर पडू लागली ती ५.९ पासून (२०२०), रोमन गुश्चिन यांच्या कामामुळे.

मोजमाप : ‘मेमइन्फो’ फाइलमधील ‘पर्सीपीयू’ ही ओळ. वाटपकाच्या स्वतःच्या नोंदवहीची जागा तीत धरलेली नसते.

इतर प्रणाली : सोलारिसमध्ये बॉनविक व ॲडम्स यांची ‘मॅगझिन’ रचना (२००१), फ्रीबीएसडीत यूएमए हा वाटपक.