हर्सिलचं जळण

हर्सिलला पोस्टिंग मिळालं की विल्सनचं नाव कानावर येतंच. १८५० च्या दशकात फ्रेडरिक विल्सनने टिहरीच्या राजाकडून इथली देवदाराची जंगलं ठेक्याने घेतली. ओंडके भागीरथीतून वाहत खाली गेले, त्यांचे रेल्वे स्लीपर झाले. शेंडे, फांद्या, सालपटं डोंगरावरच राहिली. पहाडातली चूल अशाच उरल्यासुरल्यावर पेटते.

ताज्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी. आधी तेच उकळतं. म्हणून धूर फार, ऊब कमी. लाकूड फोडायचं, जमिनीपासून उचलून वळचणीखाली वारा खेळेल असं रचायचं. ताडपत्री फक्त माथ्यावर (जवानांना हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं!), चहूबाजूंनी गुंडाळली की बुरशी धरते.

चिपकोनंतर १९८० च्या दशकात हजार मीटरच्या वरची हिरवी तोड थांबली. योग्यच झालं. पण तोडीचं उरलंसुरलंही गेलं, आणि वाळक्या फांद्यांसाठी डोंगर चढायचा तो बायकांनीच.