बेळगावातून गेलेला कारखाना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी विद्यार्थी आज आपल्या उद्यमबागेत लहानमोठे कारखाने चालवीत आहेत. म्हणून यंदा ‘उद्योग कसा उभा राहतो’ या विषयावर बोलावे, अशी सूचना संयोजकांनी केली. मी मराठीचा अध्यापक. भांडवल, नफा, बाजारपेठ या शब्दांशी माझा संबंध शब्दकोशापुरताच. तथापि माझ्या प्रबंधाच्या निमित्ताने जुन्या मराठी मासिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे मी चाळले, आणि त्यांत एक कारखाना मला वारंवार भेटत राहिला. कथेचे पान संपते तेथे नांगराची जाहिरात, निबंध संपतो तेथे कडबा कापण्याच्या यंत्राची! त्या कारखान्याचा जन्म आपल्या या गावात झाला. तो येथे का राहिला नाही, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

अलीकडे यशस्वी उद्योगपतींच्या ‘सूत्रां’ची पुस्तके पुष्कळ निघतात. चिकाटी धरा, ग्राहकाला देव माना, अपयशाने खचू नका. यांत खोटे काही नाही, पण खरेही फारसे हाती लागत नाही. कारण सूत्र सांगताना सांगणारा सन, गाव आणि शेजारची माणसे गाळून टाकतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्टही आपल्या पाठ्यपुस्तकांत अशीच गुळगुळीत होऊन आली आहे. ती जरा खडबडीत करून पाहू.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथला. चित्रकलेची ओढ म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तेथे असे ध्यानात आले की, त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. ज्याला रंग दिसत नाहीत त्याने चित्रकार कसे व्हावे? ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे शिक्षक झाले. रेखन शिकवावे, संस्थेच्या कर्मशाळेत स्वतः यंत्रे हाताळावीत, परदेशी यंत्रविषयक नियतकालिके वाचावीत, असा त्यांचा क्रम होता. नोकरी सुखाची होती. बढतीची पाळी आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले.

येथे चरित्रकार सहसा त्यांच्या स्वाभिमानाचा गौरव करतात. तो योग्यच आहे. परंतु मला दुसराच प्रश्न पडतो. राजीनामा देऊन ते बेळगावासच का आले? कारण येथे त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा होते, आणि दुकान आधीच चालू होते. किर्लोस्करांच्या उद्योगाचे वर्ष 1888 मानले जाते, ते या सायकलींच्या दुकानामुळे. मुंबईत लक्ष्मणरावांनी सायकली खरेदी करावयाच्या आणि बेळगावात रामूअण्णांनी त्या विकावयाच्या. एकेक सायकल सातशे ते हजार रुपयांची. आणि ती चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे! त्या काळच्या पगारांच्या मानाने हा आकडा पाहिला म्हणजे गिऱ्हाईक कोण असेल याची कल्पना येते. सायकल विकणे एकवेळ सोपे होते. पण ती विकत घेतलेल्या प्रतिष्ठित गृहस्थास भर रस्त्यात पडू न देता शिकविणे, हे काम रामूअण्णांचे होते. दुकानाच्या आठवणीने आपल्याकडे किर्लोस्कर रोड हे नाव राहिले आहे. त्या नावातला अर्धा वाटा रामूअण्णांचा आहे, हे त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल?

पुढे सायकली अनेकांनी विकावयास आरंभ केला आणि त्या धंद्यातला लाभ आटला. मग पवनचक्क्यांची दलाली, मग कडबा कापण्याची यंत्रे, आणि शेवटी लोखंडी नांगर. या नांगरापाशी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्या गोष्टीचे मर्म मला तेथे दिसते.

आपला लाकडी नांगर जमीन चिरतो, पण पुरती उलथीत नाही. हरळी-कुंद्याने भरलेल्या काळ्या रानात त्याची मात्रा चालत नाही. परदेशी लोखंडी नांगर माती पालथी घालतो. लक्ष्मणरावांनी त्या धर्तीचा नांगर तयार केला. पण तो विकला जाईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे किर्लोस्करांच्या इतिहासात नमूद आहे.

आपण सुशिक्षित मंडळी या ‘विषा’ला चटकन हसतो. मला हसू येत नाही. ज्याच्यापाशी एकच रान आहे, त्याने एका हंगामाची चूक केली तर वर्षभर पोटाला काय घालावयाचे? त्याचा संशय हा अज्ञानाचा जितका, तितकाच सावधपणाचाही होता. लक्ष्मणरावांचे मोठेपण असे की, त्यांनी शेतकऱ्याला मूर्ख ठरविले नाही. अखेर एका शेतकऱ्याने एकदम सहा नांगर घेतले, तेव्हा कारखान्यात आनंद झाला असणार. पण नांगर रानात चालू लागले तशी तक्रारही आली. फाळाचे टोक मऊ आहे, लवकर झिजते. दोन वर्षे वाट पाहून मिळालेले गिऱ्हाईक, आणि त्याचीच तक्रार! विकणारा येथे सहसा गिऱ्हाइकाच्या जमिनीला किंवा बैलांना दोष देतो. लक्ष्मणराव ओतकामाकडे वळले, टोक अधिक कठीण कसे होईल याचे प्रयोग करीत राहिले. माझ्या मते ती कंपनी 1888 साली स्थापन झाली नाही. फाळाची तक्रार खरी मानली त्या दिवशी ती स्थापन झाली. इतिहासकारांना हे मत पटणार नाही, पण निवृत्त माणसास एवढी मोकळीक असावी.

आता आपल्या गावाच्या दृष्टीने अवघड असा भाग येतो. कारखाना बसतो आहे, माल खपू लागला आहे, आणि याच सुमारास नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी ती जागा हवी म्हणून कारखाना हलविण्यास सांगितले. दुष्टबुद्धीने हे झाले असे मी म्हणत नाही. गाव वाढत होते, घरांना जागा पाहिजेच होती. ज्यांनी निर्णय केला त्यांच्यापुढे नकाशा होता, आणि त्या नकाशावर भट्टी व हातोड्यांचा आवाज असलेली एक शेड होती. तिची पुढची पन्नास वर्षे नकाशात दिसत नसतात. परंतु पुनःपुन्हा असे होते की, गावाला आपल्यात काय उगवते आहे ते दिसत नाही आणि शेजारच्या संस्थानाला दिसते.

ते संस्थान औंधचे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले. ते स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते, कलांचे आश्रयदाते. औंधला एक मोठा सभामंडप उभारण्याचे काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिले होते. त्यामुळे माणूस त्यांच्या पारखून झाला होता. अडचण कळताच त्यांनी आपल्या राज्यात जागा देऊ केली आणि कर्जाऊ पैसाही. औंध संस्थान सलग नव्हते; त्याचे तुकडे विखुरलेले होते. त्यांपैकी कुंडलच्या बाजूस, कुंडल रोड या आगगाडीच्या स्थानकाजवळ 32 एकर माळ मिळाला. निवडुंग आणि साप यांखेरीज तेथे काही नव्हते. मात्र आगगाडी होती. ओतकामाला कच्चे लोखंड आणि कोळसा लागतो, तयार नांगर दूर पाठवावे लागतात. राजवाड्याजवळची सुपीक जमीन मिळाली असती तर हा कारखाना कदाचित चालला नसता! 10 मार्च 1910 रोजी मंडळी तेथे राहावयास गेली. त्याच राजाच्या राज्यात 1916 साली ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला, तेव्हा औंधचा हा आश्रय एका माणसापुरता नव्हता, हे उघड आहे.

माळावर कोण गेले? रामूअण्णा गेले; वस्तीची आखणी, घरे, कारभार हे सारे त्यांनी पाहिले. यंत्रांवर शंभोअण्णा जांभेकर, हिशेबाला मंगेशराव रेगे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, ते अभियंता झाले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले, त्यांनी कारभारात आपली जागा मिळविली. रात्रीच्या पहाऱ्यावर शिक्षा भोगून आलेले लोक नेमले होते. मुख्याध्यापकांची क्षमा मागून सांगतो, या यादीत आमच्या शाळा-कॉलेजांनी निकालात काढलेली माणसे बरीच आहेत. लक्ष्मणरावांनी त्यांना दयेपोटी घेतले असे मला वाटत नाही. स्वतः रंग न दिसणारा चित्रकार असल्यामुळे, माणूस एका कामास निरुपयोगी ठरला म्हणजे दुसऱ्या कामासही ठरत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा त्या वसाहतीचा नियम होता. 1910 नंतरच्या त्या दशकात हा नियम करणे कागदावर सोपे आणि पाणवठ्यावर किती कठीण असेल, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

पुढचा भाग बहुतेकांना परिचित आहे, म्हणून धावता सांगतो. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. कुंडल रोड स्थानक किर्लोस्करवाडी झाले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून 1926 साली परतले. नांगरांच्या जोडीला पंप आले; 1941 साली हरिहर येथे यंत्रे बनविणारा कारखाना, 1946 साली पुण्यास तेलाची इंजिने.

पण 1920 साल मला आणखी एका कारणाने महत्त्वाचे वाटते. त्याच साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. हेतू साधा होता. कारखान्याची बातमी आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी. त्यातून ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ त्याच्या जोडीला आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये छापले गेले. नांगराच्या गिऱ्हाइकाला आधी वाचक मानले, म्हणून हे घडले. विषाच्या समजुतीशी दोन वर्षे झुंजलेल्या कारखान्याला हे कळले होते की, माल विकण्यापूर्वी माणसाशी बोलावे लागते, आणि तेही त्याच्या भाषेत. आमच्या मराठी वाङ्मयेतिहासांत या मासिकांना स्थान मिळते. कारखान्याचा उल्लेख मात्र तळटीपेत असतो. ही वाटणी मला कधीच पटली नाही.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. गांधीजींच्या हत्येनंतर 1948 साली जी जाळपोळ झाली, तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटविला गेला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. माणसांना एकत्र राहावयास शिकविणारी वसाहतही जातीच्या द्वेषापासून सुटली नाही, हे कोणत्याही सूत्रांच्या पुस्तकात आढळणार नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव वारले.

आता पुन्हा बेळगावाकडे येतो. आज आपल्या गावात ओतकामाचे कितीतरी कारखाने आहेत. पंपांचे, मोटारींचे सुटे भाग येथून बाहेर जातात. या मंडळींचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. पहिली भट्टी कोणी पेटविली, पहिला माल कोणी नाकारला, कर्ज कोणी दिले, कोणता कामगार तीस वर्षे राहिला, हे सारे घरोघरच्या ट्रंकांत आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईला त्यातले थोडे रद्दीवाल्याकडे जाते. किर्लोस्करांची गोष्ट आपण सांगू शकतो, ती त्यांच्या घरात लिहिणारी माणसे होती म्हणून. माझी या शाळेला एक विनंती आहे. ग्रंथालयात एक कपाट मोकळे करावे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वडिलांच्या खतावण्या, किंमतपत्रके, गिऱ्हाइकांची पत्रे तेथे आणून द्यावीत, तक्रारींची पत्रे आधी. नववी-दहावीच्या मुलांनी सुटीत त्यांची नोंद करावी. मोडी वाचण्याचे काम पडले तर ते मी करीन. दर शनिवारी सकाळी येणे मला जमण्यासारखे आहे.