भाग: घरच्या घरी काडतूस, आणि 1878 ची एक ओळ

मागच्या महिन्यात मानोऱ्याहून मामेभावाचा मेसेज आला, सोबत एका अमेरिकन व्हिडिओची लिंक. "दादा, तू इंजिनियर आहेस. यातलं कोणतं प्रेस घेऊ?" प्रेस म्हणजे टेबलाला बोल्टनं घट्ट केलेलं दांड्याचं यंत्र. झाडलेलं रिकामं काडतूस त्यात पुन्हा आकारात आणून भरतात. त्याचं गणित सरळ होतं. मामांकडे पीकसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे, रानडुकरं आणि रोही तूर ठेवत नाहीत, आणि काडतुसं महाग.

मी दोन रात्री तुलनाच करत बसलो. एका खेपेला एकच काम करणारं साधं प्रेस की दांडा ओढला की तयार काडतूस देणारं? सवय हो! मग इतिहासात शिरलो.

खरं तर आपल्याकडे हे घरीच व्हायचं. माझ्या आजोबांची भरमार होती. नळीच्या तोंडातून दारू, वर चिंधी, मग छर्रे किंवा गोळी. गजानं ठासायचं आणि मागे टोपी बसवायची. शिसं वितळवून गोळ्या पाडायचा लोखंडी साचा घरात होता. जागलीला जाताना सगळं एका पिशवीत.

मग धातूचं काडतूस आलं. 1866 च्या सुमारास दोघांनी त्याच्या बुडाची टोपी दोन तऱ्हेनं बसवली: इंग्रज अधिकारी बॉक्सर आणि अमेरिकन बर्डन. बॉक्सरच्या रचनेत मध्ये एकच भोक, त्यामुळे वापरलेली टोपी काढणं सोपं. गंमत बघा, इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात! म्हणून घरी काडतूस भरायचा छंद अमेरिकेत फोफावला. 1884 मध्ये तिथे आयडियल कंपनी सुरू झाली, तिचं हत्यार पकडीसारखं, हातात धरायचं. 1943 मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टननं आरसीबीएस सुरू केली. त्या नावातलं आरसी म्हणजे रॉक चक, डोंगरातला खारीच्या कुळातला एक गुबगुबीत प्राणी. आज भावाला आवडलेली प्रेसं याच घराण्यातली.

आणि आपल्याकडे? पुण्याजवळ खडकीला 1869 मध्ये सरकारी दारूगोळा कारखाना उभा राहिला. 1857 ला बारा वर्षंच झाली होती, आणि त्या वेळी ठिणगी काडतुसावरूनच पडली होती. मग 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. त्यात 'दारूगोळा' शब्दाची व्याख्या वाचताना मी थांबलोच. गारगोट्या, टोप्या, दारूवर ठासायच्या चकत्या, आणि शेवटी दारूगोळा बनवायची सगळी यंत्रसामग्री! म्हणजे यंत्र हाच दारूगोळा. आमच्यासारख्यांच्या भाषेत, कंपायलर हाच प्रोग्राम.

इंग्रज गेले, 1959 मध्ये आपला नवा कायदा आला. कलम 2 उघडा. गारगोट्या गेल्या, पण यंत्रसामग्री तशीच बसलेली आहे. दारूगोळा बाहेरून मागवायला परवाना लागतो आणि बनवायलाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे. मला हे जरा अतीच वाटतं. डुकरं हाकलणारा शेतकरी आणि टोळीला माल पुरवणारा, दोघं एकाच ओळीत. पण ओळ तीच आहे.

भावाला रात्रीच फोन केला. "ऑर्डर टाकलीस का?" तर म्हणे, कार्टात आहे. "काढ आधी. ते पार्सल म्हणजे कायद्यानं दारूगोळाच." तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग डुकरांचं काय करू?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खडकीचीच विकत घे, एवढंच म्हणालो.

फोन ठेवल्यावर आठवलं. आजोबा गेल्यावर बाबांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, त्याची पावती आहे. साचा मात्र माळ्यावरच्या पेटीत राहिला. व्याख्या पुन्हा वाचली. दिवाळीला घरी जाईन तेव्हा पावती घेऊन आधी वकिलांकडे जाणार आहे, तोवर बाबांना म्हटलंय पेटीला हात लावू नका.