दुभंगलेला ओठ आणि त्रिशूरचं एक रुग्णालय

बाळाचा ओठ दुभंगलेला दिसला, की घरात आईला पहिला प्रश्न विचारला जातो, "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" खरं तर गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठाचे आणि नवव्या आठवड्यापर्यंत टाळूचे भाग एकमेकांना जुळतात. ते जुळायचे राहिले की फट उरते. अनेकदा तोवर आईला दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. दोष तिचा नाही, ग्रहणाचाही नाही.

उपचार मात्र आहे, आणि त्याच्या इतिहासातलं एक मोठं पान आपल्या देशातलं आहे. मुंबईत डॉ. चार्ल्स पिंटो यांच्या हाताखाली शिकलेले पारशी सर्जन डॉ. हिरजी आदेनवाला १९५९ साली केरळमधल्या त्रिशूरच्या ज्युबिली मिशन रुग्णालयात रुजू झाले आणि तिथेच काम करत राहिले. छोट्या गावातल्या मिशन रुग्णालयात सर्जनला पडेल ते ऑपरेशन करावं लागे. त्यातच त्यांनी दुभंगलेल्या ओठांचं काम वाढवलं.

यात टाक्यांइतकीच भूल अवघड. ऑपरेशनची जागा आणि श्वासाची वाट एकच, तीही काही महिन्यांच्या बाळाची! त्यांच्या पत्नी डॉ. गुलनार भूलतज्ज्ञ होत्या, हे त्या मुलांचं भाग्यच.

पुढे तिथे उभ्या राहिलेल्या केंद्राला आदेनवालांनी आपल्या गुरूंचं, पिंटोंचं नाव दिलं. १९९९ साली स्थापन झालेल्या 'स्माइल ट्रेन' या संस्थेने स्थानिक डॉक्टरांनाच बळ देण्याचं धोरण ठेवलं. त्यातून अशा रुग्णालयांत गरिबांची ऑपरेशनं मोफत होऊ लागली. हजारो मुलांचे चेहरे सावरून डॉ. आदेनवाला २०२० साली गेले.

या इतिहासातून पालकांनी एक गोष्ट घ्यावी: वेळ. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत करतात. टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांत, म्हणजे बोलणं रुळण्याआधी. टाळूला उशीर झाला, तर फट बुजते, पण नाकातून येणारे शब्द सुधारणं फार कठीण जातं. नंतरही वाचा-उपचार, दात आणि कानांची तपासणी लागतेच.

म्हणून असं बाळ जन्मलं तर ग्रहणाचा हिशेब मांडत बसू नका. बाळाचं दूध आणि वजन सांभाळा, आईला धीर द्या आणि पहिल्याच आठवड्यात तज्ज्ञांना भेटा.