हायकमांडमधला ‘हाय’

जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याजवळचा कमानिया गेट ही 1939च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण. ‘कमान’ मूळची फारसी, म्हणजे धनुष्य. त्याच्या बाकावरून दरवाज्याची कमान आली आणि हिंदी ‘इया’ लागून विशेषण झालं. पण इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत आणखी एक कमान भेटते: ‘हाईकमान’. ही मात्र ‘कमांड’मधला ‘ड’ गळून झालेली. आणि गंमत अशी, की ज्या अधिवेशनाची आठवण म्हणजे हा गेट, तिथला झगडाही हायकमांडशीच होता! सुभाषबाबू 1580 विरुद्ध 1377 मतांनी अध्यक्ष झाले. त्रिपुरीत गोविंद वल्लभ पंतांच्या ठरावानं त्यांना कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमायला बांधलं. एप्रिलअखेर त्यांनी राजीनामा दिला.

हिंदीनं ‘कमांड’ पचवला. मराठीनं ‘हाय’ उकलला. हायकमांड म्हणजे पक्षश्रेष्ठी, हायवे म्हणजे महामार्ग, हाय टाइड म्हणजे भरती. एका विशेषणाला तीन जागी तीन वाटा, आणि त्यांत उंची फक्त भरतीत उरली.

हायवेबद्दल एक मत असं, की भराव घालून उंच केलेला रस्ता तो हायवे. मला ते पटत नाही. इंग्लंडातल्या गावोगावची ‘हाय स्ट्रीट’ भरावावर नसते. ती गावातली मुख्य पेठ असते. राजद्रोहाला ‘हाय ट्रीझन’ म्हणतात, तिथं कसला भराव? हा ‘हाय’ म्हणजे मुख्य, थोर. ‘महा’ निवडणाऱ्यानं नेमकी नस पकडली.

हायकोर्टाला मात्र ‘उच्च’ चिकटला, आणि माझ्या मते इथं अर्थ निसटला. मुंबईत 1862 साली हायकोर्ट आलं ते आधीचं ‘सुप्रीम कोर्ट’ आणि सदर अदालत मोडून. म्हणजे ‘हाय’ ही ‘सुप्रीम’च्या खालची पायरी नव्हतीच, प्रांतातलं मुख्य न्यायालय एवढाच त्याचा अर्थ. ‘प्रधान न्यायालय’ जास्त शोभलं असतं. 1950 साली दिल्लीत सर्वोच्च न्यायालय आलं, ‘उच्च’च्या डोक्यावर ‘सर्वोच्च’ बसलं, आणि भाषांतर आपोआप खरं ठरलं. 1956च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशाचं हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला आलं, तोवर ‘हाय’ ही शिडीची मधली पायरी होऊन गेली होती.