मोहाची भट्टी आणि माल्टाची भट्टी

चैत्र लागला कीं नागपूरच्या पूर्वेकडील व दक्षिणेकडील अरण्यांत मोहाचीं झाडें फुलांवर येतात. फुलें रात्रीं उमलतात आणि पहाटेपासून टपटप खालीं पडूं लागतात. गोंडांच्या बायकामुलांनीं झाडाखालचा पाचोळा आधींच झाडून वा जाळून जमीन मोकळी करून ठेवलेली असते. उजाडतांच टोपल्या भरूं लागतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. तीं भाजून खातात, पिठांत मिसळतात, गुरांना चारतात. दुष्काळांत कित्येक कुटुंबांनीं त्यांवरच दिवस काढले आहेत. आणि त्यांचीच दारू गाळतात. संस्कृतांत ज्याला मधूक म्हणतात व ज्याची गणना चरकानें पुष्पासवांत केली आहे, तेंच हें फूल. तेव्हां हें पेय कोणा रानटी लोकांचें आडमुठें व्यसन आहे, ही शहरी समजूत निदान इतिहासाला धरून नाहीं.

गाळण्याची रीत अगदीं साधी. फुलें कांहीं दिवस पाण्यांत भिजत घालून आंबवितात. तें आंबवण मडक्यांत घालून मडकें चुलीवर चढवितात, त्यावर दुसरें भांडें बसवून सांधे चिखलानें लिंपतात आणि पोकळ बांबूची नळी काढून तिचें दुसरें टोंक गार पाण्यांत ठेवलेल्या घागरींत सोडतात. वाफ नळींतून जातां जातां निवते व थेंब थेंब उतरते. मराठींत ‘पहिल्या धारेची’ हा जो शब्दप्रयोग रूढ आहे तो याच घागरीच्या तोंडाशीं जन्मला. मुलाच्या बारशापासून मयताच्या विधीपर्यंत आणि पेनाच्या, म्हणजे देवाच्या, पूजेंत या मोहाचा शिंतोडा लागतोच.

आतां नागपुरांतील सुशिक्षित घरांतूनही ज्याचें नांव ऐकूं येतें त्या ‘सिंगल माल्ट’ या विलायती मद्याकडे पाहावें. सातू भिजवून त्याला मोड आणावयाचे, ते वाळवावयाचे, दळून ऊन पाण्यांत त्यांची साखर उतरवावयाची, तें पाणी आंबवावयाचें आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून दोनदां गाळावयाचें. त्यानंतर ओक लांकडाच्या पिंपांत निदान तीन वर्षें मुरवावयाचें. तें एकाच भट्टीचें व निव्वळ माल्टाचें असलें पाहिजे, म्हणून तें ‘सिंगल’. मुरविण्याचा भाग सोडला तर या दोन रीतींत तत्त्वाचा भेद कोणता? एक फरक मात्र सांगण्याजोगा आहे. आपल्याकडे पहिल्या धारेला मान. स्कॉटलंडचा गाळणारा पहिली धार बाजूस काढतो, शेवटचीही काढतो आणि मधलीच ठेवतो, कारण अगोदर उडून येणाऱ्या द्रव्यांत अपायकारक अंश असतात. हें ज्ञान अनुभवानें व देखरेखीनें आलें. आपल्या भट्टीला देखरेख करणारा मिळाला तो पोलीस.

असें कां व्हावें? दोन्ही देशांवर राज्य तर एकाच सरकारचें होतें.

स्कॉटलंडांत मद्यावर पहिला कर १६४४ सालीं बसला. पुढें कर वाढत गेले, तसतशा डोंगराळ मुलखांतील भट्ट्या दऱ्याखोऱ्यांत लपल्या. रॉबर्ट बर्न्स हा त्यांचा राष्ट्रकवि स्वतः १७८९ पासून अबकारी खात्यांत नोकरीस होता. ही मौज आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. १८२२ सालीं चौथा जॉर्ज बादशहा एडिंबरोस आला तेव्हां त्यानें ग्लेनलिव्हेट खोऱ्यांतील व्हिस्की मागितली असें सांगतात, आणि ती व्हिस्की सर्वस्वीं चोरटी होती! १८२३ सालीं सरकारनें केलेल्या नोंदींत बेकायदा गाळण्याचे सुमारें १४,००० प्रकार उघडकीस आले. शिपाई किती ठेवावयाचे व कोठें कोठें धाडावयाचे? ड्यूक ऑफ गॉर्डन या बड्या जमीनदारानें पार्लमेंटांत भूमिका मांडली कीं, परवडेल असा परवाना द्या, म्हणजे आम्ही जमीनदार चोरट्या भट्ट्या मोडण्यास मदत करूं. त्याच वर्षीं कायदा झाला. ४० गॅलन व त्याहून मोठ्या भांड्याला दहा पौंडांत परवाना मिळूं लागला आणि मद्यावरचा कर खालीं आला.

१८२४ सालीं ड्यूकचाच एक कूळ जॉर्ज स्मिथ यानें ग्लेनलिव्हेटांत पहिला परवाना घेतला. शेजाऱ्यांस तो फितूर वाटला. भट्टीसकट जाळून टाकूं अशा धमक्या आल्या. अबरलूरच्या जमीनदारानें त्याला दोन पिस्तुलें दिलीं, तीं तो कमरेला लावून हिंडत असे. दहा वर्षांनीं, म्हणजे १८३४ सालीं, चोरट्या भट्ट्यांचे उघडकीस आलेले प्रकार ६९२ वर उतरले. ही दंतकथा नव्हे, हिशेब आहे.

परंतु हा हिशेब सांगतांना एक गोष्ट दडवून चालणार नाहीं. ४० गॅलनांच्या खालचें भांडें कायद्याबाहेरच राहिलें. झोंपडींतला गरीब गाळणारा त्या मुलखांतही बुडालाच. टिकला तो थोडें भांडवल असलेला शेतकरी. तेव्हां ‘तिकडे न्याय, इकडे अन्याय’ असें सोपें चित्र रंगविणें खरें नाहीं. फरक इतकाच, पण तो लहान नाहीं, कीं तेथें खोऱ्याचें पाणी, खोऱ्याचें नांव व खोऱ्याची रीत कायद्याच्या आंत आली आणि जिवंत राहिली. १८३० च्या सुमारास ईनियस कॉफी यानें अखंड गाळणारें यंत्र काढलें, तेव्हां मळमळीत पण स्वस्त धान्यमद्याचा पूर आला. तरीही तीं तांब्याचीं भांडीं निकालांत निघालीं नाहींत, कारण मिश्रणाला चव आणण्यास त्यांचेंच मद्य लागे. एकाच भट्टीचें मद्य बाटलींत घालून परदेशीं खपविण्याचा मोठा उद्योग ग्लेनफिडिक या भट्टीनें १९६३ सालीं आरंभिला. म्हणजे आज ज्या परंपरेचा एवढा डौल मिरविला जातो तिची जागतिक कीर्ति फार जुनी नाहीं.

इकडे काय झालें तें पाहूं. १८५३ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें; १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झालें. अबकारीची जुनी रीत मक्त्याची होती. गांवोगांवच्या भट्टीचा हक्क लिलावांत विकला जाई. सर्वांत मोठी बोली करील त्यानें हवी तेवढी गाळावी व हवी तेवढी विकावी. हा धंदा पिढीजाद करणारी जात कलार. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातींच्या चार खंडी ग्रंथांत तिचें सविस्तर वर्णन आहे. लिलावानें खप वाढतो व कर मात्र मद्याच्या मापाप्रमाणें मिळत नाहीं, हें सरकारच्या ध्यानीं आलें. १९०५-०६ च्या हिंदी अबकारी कमिटीनें गांवभट्ट्यांचा मक्ता बंद करून मोठ्या कारखान्यांतून मोजून मापून दारू पुरवावी, अशी शिफारस केली. १९१५ सालीं मध्यप्रांताचा अबकारी कायदा झाला. घरीं गाळणें हा गुन्हा ठरला होता तो ठरलाच.

मुंबई इलाख्यानें याच्याही पुढें मजल मारली. १८७८ च्या अबकारी कायद्यानें भट्ट्या मुठींत घेतल्या गेल्या व मुंबई शहराला पुरवठा करणारें गाळप उरणला एकवटलें. पुढें १८९२ सालीं ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांकरितां ‘म्हौरा कायदा’ आला. दारू नव्हे, फूल जवळ बाळगण्यावर बंधन! जें फूल दुष्काळांत पोटाला आधार देतें तें घरांत किती असावें हें सरकारनें ठरवावें, याहून विचित्र कायदा क्वचितच सांपडेल. ‘खप कमींत कमी, उत्पन्न अधिकांत अधिक’ हें अबकारी खात्याचें सूत्र होतें. दोन दगडींवर पाय ठेवण्याचाच तो प्रकार.

लोकांच्या बाजूनेंही दारूविरुद्ध खरा आवाज उठला होता, हें येथें नोंदलें पाहिजे. १९२० च्या डिसेंबरांत नागपूरच्या काँग्रेसनें असहकारितेचा ठराव कायम केला आणि १९२१ च्या आरंभीं नागपुरांत दारूच्या दुकानांवर निरोधनें सुरू झालीं. १९३८ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळानें दारूबंदीचा कायदा केला. पुष्कळ पुढें, १९९३ सालीं, गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी लागू झाली, तीही गांवागांवच्या चळवळीच्या रेट्यानें. नवऱ्याच्या व्यसनानें पोळलेल्या बायकांचा त्यांतील आवाज खोटा ठरविणें कोणाही विचारी माणसास शक्य नाहीं. मोहाचा इतिहास लिहितांना हें दुःख वगळलें तर तो इतिहास होत नाहीं, जाहिरात होते.

मात्र दारूबंदीनें जें नाहींसें झालें नाहीं तें एका साध्या शब्दानें नाहींसें झालें. कायद्यानें मद्याचे ‘देशी’ व ‘विदेशी’ असे दोन वर्ग केले. उसाच्या मळीपासून आपल्याच कारखान्यांत काढलेली व्हिस्की ‘विदेशी’ गणली जाते. आणि ‘देशी’ म्हणून परवान्याच्या दुकानांत मिळतें तेंही बहुतांशीं मळीचेंच. मोहाला दोन्हींकडे दार बंद होतें.

याउलट विलायती रीत उचलून आपल्या लोकांनीं काय करून दाखविलें तें पाहण्यासारखें आहे. १९४८ सालीं बेंगळुरूस अमृत डिस्टिलरीज हा कारखाना निघाला, तो जगदाळे कुटुंबाचा. आडनाव मराठी कानाला परकें नाहीं. २००४ सालीं त्यांनीं हिंदी सातूचें सिंगल माल्ट थेट ग्लासगो शहरीं विक्रीस ठेविलें! स्कॉटलंडच्या थंडींत पिंपांतील मद्य वर्षाला सुमारें २ टक्के उडून जातें; बेंगळुरूस दहा ते बारा टक्के. म्हणून इकडचें मद्य लवकर पिकतें. नागपूरच्या वैशाखांत पिंपें ठेविलीं तर पिंपाखेरीज हातीं काय उरेल, याची कल्पनाच करावी. गोव्यांत कुंकळ्ळी येथेंही माल्टाची भट्टी आहे, आणि तेथें हौशी मंडळी तिकीट काढून तांब्याचीं भांडीं पाहून येतात, जसे लोक ग्लेनलिव्हेटला जातात. मोहाची भट्टी पाहावयास कोणी जात नाहीं. जाणाऱ्यास ती दाखविलीही जात नाहीं.

अगदीं अलीकडे वारा थोडा फिरला आहे. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें मोहफुलें गोळा करण्यावरील, बाळगण्यावरील व त्यांच्या वाहतुकीवरील बंधनें सैल केलीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मध्यप्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनीं आदिवासींच्या मोहमद्याला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देण्याचें जाहीर केलें, आणि तेथें बचतगटांकडून तें गाळून घेण्याचा प्रयोग सुरू झाला. जॉर्ज स्मिथला परवाना मिळाल्याला तेव्हां १९७ वर्षें झालीं होतीं. सीमेच्या एका बाजूस वारसा, दुसऱ्या बाजूस गडचिरोलीची दारूबंदी. मधल्या जंगलांतील मोहाला ही सीमा ठाऊक नाहीं, तो दोहींकडे सारखाच गळतो.